लघुरूप रेल्वेचे कायमचे घर : छंदमंडळ, जागा आणि टिकाऊपणा यांचा विचार

एखाद्या छंदमंडळास स्वतःची कायम जागा मिळाली, ही बातमी वरवर पाहता किरकोळ वाटते. वाचनमंडळ, भजनीमंडळ किंवा बुद्धिबळमंडळ यांना उसनी खोली पुरते. काम आटोपले की पुस्तके कपाटात जातात, टाळ पिशवीत जातात, सोंगट्या डबीत जातात आणि खोली पुन्हा ज्याची त्याची होते. लघुरूप रेल्वे बांधणाऱ्या मंडळाची स्थिती मात्र याहून मूलतः भिन्न आहे. त्याचे साधन म्हणजेच एक स्थळ असते. रूळ, स्थानक, पूल, डोंगर, वस्ती व त्यांखालून गेलेले तारांचे जाळे हे सर्व एकत्र जोडलेले असते. ते गुंडाळून ठेवता येत नाही, आणि मोडून ठेवल्यास ते राहत नाही. यास्तव समूहजीवनात जागेचे स्थान काय, हा प्रश्न येथे जितक्या निखळ स्वरूपात पाहावयास मिळतो, तितका तो अन्यत्र क्वचितच मिळेल.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचे विवेचन करावयाचे आहे. या छंदास इतकी जागा का लागते. ज्या मंडळांना व व्यक्तींना कायमचे घर मिळाले अथवा मिळालेले गमवावे लागले, त्यांच्या अनुभवातून काय दिसते. आणि मालाडसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात हा प्रश्न कोणत्या रूपाने उभा राहतो.

१. मापाचे गणित

लघुरूप रेल्वेची मापे निश्चित असतात. जगात सर्वाधिक प्रचार असलेले माप ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्याचे प्रमाण १:८७ असून रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय व अमेरिकी प्रमाण-मार्गास ८७ ने भागले असता हाच आकडा येतो. ब्रिटनमध्ये मात्र त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर १:७६ प्रमाणाच्या गाड्या चालविण्याची रीत पडली. तेथील इंजिने आकाराने लहान असल्यामुळे त्या काळच्या विद्युत्‌-मोटारी त्यांत मावत नसत. म्हणून गाडी मोठी केली गेली व रूळ तसाच राहिला. एका तडजोडीचे पुढे सर्वमान्य प्रमाण कसे बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतीय रेल्वेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपला रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ या प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर व १:७६ या प्रमाणात सुमारे २२ मिलिमीटर व्हावयास हवा. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. तेव्हा भारतीय गाडीचा डबा अचूक मापाने घडविणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : रूळ व चाके स्वतः बनविणे, किंवा मोठ्या डब्याखाली अरुंद रूळ सहन करणे. बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात.

जागेचा प्रश्न लांबीपासून सुरू होतो. प्रत्यक्षातील एक किलोमीटर १:८७ या प्रमाणात साडेअकरा मीटर होतो. चर्चगेट ते बोरिवली हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर याच मापाने मांडावयाचे म्हटल्यास जवळजवळ ३९० मीटर लांबीची इमारत लागेल. एका स्थानकापुरताच विचार केला तरी हिशोब सुखद नाही. उपनगरी गाडीचा एक डबा सुमारे २१ मीटर धरल्यास बारा डब्यांची गाडी मापात २.९ मीटर आणि पंधरा डब्यांची ३.६ मीटर होते. दहा फूट बाय बारा फूट अशा खोलीत पंधरा डब्यांची गाडी नुसती उभी करावयाची, तरी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचेल.

लांबीपेक्षाही वळण अधिक जागा खाते. भारतीय रुंद मार्गावर दहा अंशांचे वळण, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे वळण, ही सर्वसाधारण परिसीमा मानली जाते. मापात ही त्रिज्या दोन मीटर होते. अर्थात गाडी प्रामाणिकपणे वळवून परत आणावयाची, तर किमान चार मीटर रुंदी हवी. घरगुती मांडणीत ही त्रिज्या ६० सेंटिमीटरपर्यंत आणि कित्येकदा ३६ सेंटिमीटरपर्यंत खाली आणली जाते. ६० सेंटिमीटरचे वळण प्रत्यक्षात ५२ मीटरचे होईल. अशा वळणावरून उपनगरी गाडी कधीच जाऊ शकणार नाही. नेरळ–माथेरानच्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या, १९०७ साली सुरू झालेल्या डोंगरी मार्गाची वळणे अतिशय आवळ आहेत. लहान खोलीत काम करणाऱ्या छांदिष्टास मुख्य मार्गापेक्षा असा डोंगरी मार्ग जवळचा वाटावा, यात केवळ निसर्गप्रेम नाही; भूमितीही आहे.

याखेरीज माणसास उभे राहण्यास व हात पोहोचण्यास जागा हवी. कडेपासून पाऊण मीटरपलीकडे हात सहज पोहोचत नाही आणि गाडी रुळावरून उतरते ती नेमकी तेथेच. म्हणून मोठी मांडणी म्हणजे केवळ मोठे मेज नव्हे. तिच्या पोटात वाटा ठेवाव्या लागतात. मांडणीस जितकी जागा, जवळजवळ तितकीच माणसांना लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

२. मालाडचे उदाहरण

मालाड हे रेल्वेने घडविलेले उपनगर आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर खेड्यांचे रूपांतर वस्त्यांत वेगाने होत गेले. त्या वेळी वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. पश्चिम रेल्वेवरील या मार्गाचे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर २०१२ साली पूर्ण झाले. गोरेगाव ते कांदिवली या पट्ट्यात सहावी मार्गिका २०२४ साली जोडली गेली आणि त्या कामात मालाड स्थानकाच्या रचनेतही फेरफार झाले.

लघुरूप रेल्वे बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा इतिहास म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी नव्हे. त्यास एक साल निवडावे लागते. १९२८ चे मालाड उभारावयाचे, तर फलाटालगत शेते, ताडमाड व दगडाच्या खाणी दाखवाव्या लागतील. २०२४ चे उभारावयाचे, तर उंच इमारती, पादचारी पूल आणि दोहों बाजूंची बाजारपेठ. पंधरा मजली इमारत १:८७ या प्रमाणात अर्धा मीटर उंच होते. ती रुळाच्या पुढे ठेवली तर गाडी दिसत नाही आणि मागे ठेवली तर खोलीची भिंत आड येते. विरळ वस्तीचे मालाड मापात मावते. दाट वस्तीचे मावत नाही. प्रत्यक्ष मालाडची जी अडचण, तीच त्याच्या प्रतिकृतीचीही.

मुंबईच्या गृहरचनेशी याची तुलना करून पाहावी. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे चटईक्षेत्र ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर असते. चार मीटर व्यासाचे एक वळण, त्याच्या भोवती फिरण्यास वाट आणि बारा डब्यांचा एक फलाट एवढ्यातच अशी एक सदनिका संपूर्ण व्यापली जाईल. एका कुटुंबाचे घर आणि एका मंडळाची मांडणी यांना या शहरात सारखीच जागा लागते. ही वस्तुस्थिती दृष्टीआड करून या छंदाचे भवितव्य ठरविता येणार नाही. किंबहुना, ‘खेळण्यासाठी एवढी जागा?’ या प्रश्नास समर्पक उत्तर देता आले पाहिजे, हेच अशा मंडळापुढील खरे आव्हान आहे.

येथे मालाडच्याच इतिहासातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड मुंबईच्या अनेक सार्वजनिक वास्तूंना लागला. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कुर्ल्याच्या करड्या व मालाडच्या पिवळसर दगडातच बांधले गेले. त्या संग्रहालयाचा पाया १९०५ साली घातला गेला, इमारत १९१४ साली पूर्ण झाली आणि ते जनतेसाठी उघडले १९२२ साली. नागरिकांची समिती, सरकारने दिलेला भूखंड, १९०९ चा स्वतंत्र अधिनियम व देणग्या अशा चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा त्या संग्रहास घर मिळाले. जागा ही सर्वांत शेवटी दिसणारी, परंतु संस्थेच्या पायावर उभी असलेली गोष्ट आहे, हे त्यावरून उघड होते.

३. पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात लघुरूप रेल्वेस कायमचे घर मिळाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील ‘जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय’. भाऊसाहेब जोशी यांच्या दीर्घकाळच्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. येथे एक संपूर्ण काल्पनिक नगर मांडलेले आहे. त्यात वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाडीपर्यंत अनेक तऱ्हांच्या गाड्या, अधांतरी लोंबती गाडी, डोंगरावरील रेल्वे, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून पाहावयाचे चित्रपटगृह अशा गोष्टी नियंत्रण-फलकावरून चालविल्या जातात. प्रेक्षकांपुढे ठराविक वेळाचा प्रयोग होतो. दिवे मंदावून नगरात रात्र केली जाते, तेव्हा खिडक्यांतील व रस्त्यांवरील दिवे उजळतात.

कायम जागेचा विचार येथे अनुभवातून आला. आरंभी हलविता येईल अशी मांडणी प्रदर्शनांतून दाखविली जात असे. परंतु अशा मांडणीची वाहतूक हीच तिची सर्वांत मोठी शत्रू असते. रूळांचे सांधे मिलिमीटरच्या अंशानेही सरकले तरी गाडी उतरते; तारेचा एक जोड सैल झाला की दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो; झाडे, खांब व सिग्नल तर हात लागताच मोडतात. प्रत्येक प्रवासात दुरुस्तीचा जो भार वाढतो, तो अखेर नवनिर्मितीची शक्तीच खाऊन टाकतो.

तथापि, कायम घराबरोबर कामाचे स्वरूपही बदलते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने पुण्याच्या उदाहरणाचे महत्त्व येथे आहे. छांदिष्टाची मांडणी कधीच पूर्ण नसते. अपूर्णता हेच तिचे सुख होय. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास मात्र पूर्ण झालेली, न अडखळणारी मांडणी हवी असते. प्रयोग वेळेवर सुरू व्हावा लागतो. बांधणारा हळूहळू राखणदार व सूत्रधार बनतो. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या बंधूंनी २००१ साली उघडलेले ‘मिनिआटुअर वुंडरलांड’ हे याच दिशेचे टोक होय. तेथील रुळांची एकूण लांबी सुमारे सोळा किलोमीटर असून तो एक मोठा व्यवसाय झाला आहे. पुण्यातील संग्रहालय त्या मानाने लहान व घरगुती आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी ते चालू ठेवले. येथील टिकाऊपणाचे रहस्य दुहेरी आहे : जागा स्वतःची होती आणि वारसदारांनी ते काम आपले मानले. यांपैकी एक जरी गोष्ट नसती, तरी दुसरी अपुरी पडली असती.

४. मंडळांचा अनुभव : लंडन, केंब्रिज आणि लाँग विटनहॅम

पुण्याचे उदाहरण व्यक्तीचे व कुटुंबाचे आहे. मंडळाचे उदाहरण पाहावयाचे, तर लंडनकडे वळावे लागते. तेथील ‘मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली स्थापन झाला. या प्रकारच्या संस्थांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्यास किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ ‘कीन हाउस’ ही स्वतःची वास्तू मिळाली ती १९६० साली. म्हणजे संस्थेने अर्धे शतक स्वतःच्या घरावाचून काढले. त्या काळात तिने जे कमावले ते घर नव्हे, तर घर मिळविण्याची पात्रता होय : सभासदत्वाचे नियम, वार्षिक प्रदर्शनांचा लौकिक, ग्रंथसंग्रह आणि पिढ्यांमागून येणारे सभासद. वास्तूस संस्थेचे एक अध्यक्ष जी. पी. कीन यांचे नाव देण्यात आले.

घर मिळाल्यानंतर काय शक्य होते, हे त्या वास्तूत आकारास आलेल्या ‘कोपनहेगन फील्ड्स’ या मांडणीवरून कळते. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्याच परिसराचा, दोन महायुद्धांमधील काळातील देखावा एका फुटास दोन मिलिमीटर या सूक्ष्म प्रमाणात तेथे बांधला जात आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेले हे काम अनेक सभासदांच्या हातून पुढे जात राहिले आहे. घरे, कारखाने, गुरांचा बाजार, बोगद्यांची तोंडे यांची छायाचित्रे व नकाशे मिळवून, एकेक इमारत पडताळून ती उभी केली जाते. हे काम खेळ उरत नाही. तो स्थानिक इतिहासाचा एक दस्तऐवज होतो. कायम जागेवाचून अशा दीर्घ कामाची कल्पनाही करता आली नसती.

याउलट अनुभव अमेरिकेतील केंब्रिज येथील. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील विद्यार्थ्यांचे ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ १९४६–४७ च्या सुमारास स्थापन झाले. त्यास ‘इमारत क्रमांक २०’ मध्ये जागा मिळाली. ही इमारत युद्धकाळात १९४३ साली तात्पुरती म्हणून लाकडात बांधलेली होती. ‘तात्पुरती’ असल्यामुळेच तेथे भिंतीस भोके पाडण्यास, तारा ओढण्यास, छताखाली काहीही टांगण्यास कोणी हरकत घेत नसे. मंडळाच्या ‘सिग्नल व वीजपुरवठा उपसमिती’ने दूरध्वनी केंद्रातील रिले वापरून अनेक गाड्यांचे एकाच वेळी नियंत्रण करणारी यंत्रणा रचली. या उपसमितीतील काही विद्यार्थी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या संस्थेतील ‘टीएक्स–०’ या संगणकाकडे वळले आणि ‘हॅकर’ या शब्दाचा संगणकक्षेत्रातील आद्य प्रचार त्यांच्यापासून झाला. पीटर सॅमसन या सभासदाने १९५९ मध्ये मंडळाच्या बोलीचा एक लहानसा कोशच सिद्ध केला होता. रुळांच्या सांध्यांचे तर्कशास्त्र आणि संगणकाचे तर्कशास्त्र यांचे नाते त्या खोलीत जुळले. विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या छंदास दिलेली जागा वाया जात नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

परंतु ती इमारत १९९८ साली पाडण्यात आली. मंडळास दुसऱ्या इमारतीत जागा मिळाली. पण पन्नास वर्षे वाढत गेलेल्या मांडणीचा बहुतांश भाग हलविता आला नाही. तो मोडावा लागला व नव्या जागेत नवी मांडणी पहिल्यापासून आरंभावी लागली. वास्तू गेली, मांडणी गेली. मंडळ मात्र राहिले. कारण त्याचा खरा ठेवा लाकडात व रुळांत नव्हता. नव्या सभासदास शिकविण्याच्या परंपरेत होता.

तिसरा प्रकार इंग्लंडमधील लाँग विटनहॅम या खेड्यात दिसतो. जॉन अहर्न यांनी आपल्या राहत्या घरात ‘मॅडर व्हॅली’ नावाची मांडणी केली होती. गाड्यांबरोबर सभोवतालचा प्रदेशही तितक्याच आस्थेने घडवावा, हा विचार रूढ करण्यात तिचा मोठा वाटा आहे. अहर्न १९६१ साली वारले. त्यांच्यामागे ही मांडणी, रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापिलेल्या पेंडन संग्रहालयाने सांभाळली. येथे घरही दुसऱ्याचे व वारसही परके. तरी कृती वाचली. एका संस्थेने दुसऱ्याचे काम आपले मानल्यामुळे हे घडले.

५. ठरावाचा टिकाऊपणा

कायम जागेवाचूनही एक मार्ग आहे व तो विशेष विचारार्ह आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘एन’ मापाच्या, म्हणजे ९ मिलिमीटर रुळाच्या छांदिष्टांनी ‘एनट्रॅक’ नावाचा एक ठराव केला. प्रत्येक सभासदाने चार फूट बाय दोन फूट अशी एक फळी घरी बांधावी. तिच्यावर देखावा हवा तो करावा. परंतु पुढच्या कडेपासून तीन मुख्य रूळ ठराविक अंतरावर आणि जमिनीपासून ठराविक उंचीवर असलेच पाहिजेत. अशा फळ्या एकत्र आल्या की कोणाचीही फळी कोणाच्याही फळीस जोडता येते. संमेलन एक-दोन दिवसांचे. त्यानंतर प्रत्येकाने आपली फळी घरी न्यावी. जर्मनीत १९८१ पासून ‘फ्रेमो’ या संघटनेने याच धर्तीवर अधिक लवचीक पद्धती रूढ केली.

येथे कायम काय आहे? जागा नव्हे, मांडणी नव्हे, तर ठराव. मराठी समाजास ही कल्पना अपरिचित नाही. दिवाळीतील किल्ला दरवर्षी अंगणात किंवा जिन्याखाली उभा राहतो आणि काही दिवसांत मोडतो. मावळे मात्र डब्यात जपून ठेवले जातात. सार्वजनिक गणेशोत्सवातील हलते देखावे हे याचेच मोठे रूप. मंडळाजवळ बहुधा स्वतःची इमारत नसते. मंडप, आरास व देखावा दरवर्षी नवा असतो. तरी गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा १८९३ पासूनचा उत्सव आजतागायत टिकून आहे. देखाव्यातील यंत्रे, दिव्यांची जुळणी व रंगकाम यांचे ज्ञान वर्षातून एकदाच वापरले जाते, तरी ते नष्ट होत नाही. कारण ते माणसांच्या वारीने पुढे जाते. वस्तूच्या साठ्याने नव्हे.

तरीही या मार्गाची मर्यादा ओळखली पाहिजे. चार फुटांच्या फळीवर मालाडचा अख्खा फलाट मावत नाही. फळ्या जोडून झालेला देखावा तुटक राहतो. एका फळीवर माथेरानचा डोंगर व शेजारी विरारची खाडी. ‘कोपनहेगन फील्ड्स’सारखे एका परिसराचे सलग, वर्षानुवर्षे खोल होत जाणारे चित्र अशा रीतीने साधणे फार कठीण आहे. शिवाय फळ्या ठेवण्यासही घरात जागा लागते आणि ती कोणाच्या तरी पलंगाखालचीच असते.

६. करार, नोंदणी व सामग्री

महाराष्ट्रातील मंडळास जागेचा विचार करताना कायद्याची चौकट लक्षात घ्यावी लागते. मुंबईत खोली मिळते ती बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने व बहुधा अकरा महिन्यांसाठी. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपताच जागा सोडावी लागते; न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ज्या मांडणीची लाकडी चौकट उभी करण्यासच वर्ष लागते, तिच्या दृष्टीने अकरा महिने म्हणजे काहीच नव्हेत. मालकाच्या एका नोटिशीने दहा वर्षांचे काम रद्दीत जाऊ शकते. म्हणून अशा जागेत मांडणी करावयाची झाल्यास ती पहिल्या दिवसापासून तुकड्यांत सुटी होईल अशीच रचली पाहिजे.

दुसरी बाजू नोंदणीची. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम यांखाली नोंदलेल्या संस्थेस मालमत्ता संस्थेच्या नावे ठेवता येते, देणगी घेता येते. आणि अशा न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. हे बंधन कित्येकांस जाचक वाटते. परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहिले तर ते संरक्षणच आहे. एका उत्साही सभासदाच्या नावे असलेली जागा त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे जाते. न्यासाची जागा न्यासाकडेच राहते. मांडणी कोणाची, इंजिने कोणाची, मंडळ विसर्जित झाल्यास त्यांचे काय करावयाचे, हे घटनेत आरंभीच लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते. मंडळे फुटतात ती बहुधा रुळांवरून नव्हे, तर या न लिहिलेल्या गोष्टींवरून.

सामग्रीचाही येथे संबंध पोहोचतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधने होती. त्यांतील शेवटची संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली. त्याआधी परदेशातून नातलगांनी आणलेला एखादा संच आणि पितळी पत्रा, पुठ्ठा व भंगारातील मोटारी यांवरच छंद चालत असे. पुढे खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. विजेच्या लघुरूप गाड्यांचे वर्गीकरण खेळण्यांतच होते. महाग सामग्री एकेकट्याने घेण्यापेक्षा मंडळाने घेणे हितकारक, हा सामुदायिक जागेच्या बाजूने मोठा आर्थिक युक्तिवाद आहे. खेरीज किनारपट्टीची दमट, खारी हवा विसरून चालणार नाही. पावसाळ्यात साधे प्लायवूड फुगते, वाळवी लागते, पितळी रुळांवर वीजप्रवाहास अडविणारा थर साचतो. यासाठी तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचे रूळ वापरतात व ते वारंवार पुसतात. घर कायमचे मिळाले म्हणजे मांडणी आपोआप टिकते असे नव्हे. चार पावसाळे बंद ठेवलेली खोली तिला मालकाच्या नोटिशीइतकीच घातक ठरते.

७. निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून टिकाऊपणाचे तीन प्रकार वेगळे करता येतात : स्थळाचा, संस्थेचा आणि ठरावाचा. कोथरूड येथे स्थळ व कुटुंब यांनी मिळून मांडणी टिकविली. केंब्रिज येथे स्थळ गेले तरी संस्थेने काम पुन्हा उभे केले. लाँग विटनहॅम येथे एका संस्थेने दुसऱ्याच्या कृतीस आश्रय दिला. ‘एनट्रॅक’मध्ये स्थळ नसतानाही ठरावाने समूह बांधून ठेवला. तिन्ही प्रकार एकत्र आलेले दिसतात ते लंडनच्या मंडळात. आणि तेथे त्यांचा क्रम बोधप्रद आहे. आधी संस्था, मग प्रदर्शनांची शिस्त, आणि पन्नास वर्षांनी घर.

मालाडमध्ये असे मंडळ स्थिर व्हावयाचे झाल्यास हाच क्रम त्यास अधिक मानवेल. प्रथम ठराव, म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप व फळीची रचना. त्याबरोबर नोंदणी व लिखित घटना. आणि त्यानंतर जागा. तीही शाळा, महाविद्यालय, ग्रंथालय अथवा संग्रहालय यांच्या आश्रयाने मिळणे अधिक संभवनीय होय. मात्र कोणतीही शैक्षणिक संस्था केवळ करमणुकीसाठी २८ चौरस मीटर जागा देणार नाही व तिने ती द्यावी असे म्हणणेही रास्त होणार नाही. १९२८ चे मालाड स्थानक, त्यामागील खाणी, गावठाण व खाडीकाठ यांची जुन्या नकाशांवरून, छायाचित्रांवरून व वृद्धांच्या आठवणींवरून पडताळून केलेली मांडणी जर मंडळ देऊ शकले, तर ती जागा छंदास दिलेली न राहता परिसराच्या स्मृतीस दिलेली होईल. सिग्नलची जुळणी करता करता विद्यार्थी तर्कशास्त्र व विद्युत्‌शास्त्र शिकतील, हा लाभ त्याहून वेगळा.

या कार्यास विलंब लावण्यात एक धोका आहे. मोटरमन, गँगमन, केबिनमधील खटके ओढणारे कामगार आणि खाणींत राबलेली कुटुंबे यांच्या आठवणींवाचून अशी मांडणी केवळ सुबक होईल, खरी होणार नाही. जागेची वाट पाहत थांबलेल्या मंडळास उद्या जागा मिळेलही. परंतु तिच्यात काय मांडावयाचे हे सांगणारी माणसे तोवर उरलेली असतीलच असे नाही. यास्तव घर मिळण्यापूर्वीच्या काळात मंडळाने करावयाचे पहिले काम रूळ जोडण्याचे नसून टिपणे करण्याचे आहे. फलाटांची मापे, इमारतींच्या उंच्या, सिग्नलांच्या जागा व त्यांचे रंग, गाड्यांची वेळापत्रके आणि लोकांच्या तोंडच्या हकिकती एका कपाटात मावतात, आणि त्यांना अकरा महिन्यांच्या कराराचे भय नसते.